मदत हवी आहे : पत्र्याच्या माळ्यावर झोपणाऱ्या बाबांना या उन्हाळ्यात कसं सांभाळू?

कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरात आम्ही राहतो. खाली एक खोली नि स्वयंपाकघर, वर वाढवलेला पत्र्याचा माळा. बाबा ७१ वर्षांचे, मूळचे पाटणकडचे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी म्हणून उभी हयात गेली. आम्ही चौघं खाली झोपतो, बाबा वर. "पोरांना खाली वारा लागू दे," म्हणून त्यांनीच ठरवलेलं.

गेल्या शनिवारी दुपारी मार्केटमधून आले (जुन्या सोबत्यांना भेटायला अजून जातात) आणि वर जाऊन पडले. साडेतीनला चहाला हाक मारली तर ओ नाही. वर गेलो. पंखा चालू होता, पण पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलत होता. बाबा उठून बसलेले, डोळे लाल, आणि मला विचारतात, "गाडी खाली झाली का? मुकादम कुठाय?" काम सोडून त्यांना अकरा वर्षं झाली. अंगाला हात लावला तर नुसती आग, घामाचा टिपूस नाही.

बायकोने १०८ ला फोन लावला. तोवर त्यांना उचलून खाली मोरीत आणलं, बादल्या ओतल्या, टेबलफॅन लावला. शेजारच्या काकू लिंबूसरबत घेऊन धावल्या, पण बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, एवढं मला ठाऊक होतं. फ्रीजमध्ये बर्फाचा एकच ट्रे. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मासेवाल्या मावशींनी पाटीतला बर्फ फडक्यात बांधून आणून दिला, तो मानेला, काखेत, जांघेत धरला. ॲम्ब्युलन्समध्ये बाबांच्या बनियनला माशांचा वास येत होता. हॉस्पिटलात ताप १०४ च्या वर भरला. उष्माघात. आधी अंग थंड केलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी घरी आणलं.

मनाला लागलंय ते हे, की त्या दिवशी मोबाईलवर ३७ अंश दिसत होतं आणि मी निर्धास्त होतो. विदर्भात ४५ जातं, आपलं काय! आता वाचलं की किनारपट्टीला ३७ अंश झाले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. आपल्याकडे घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेली १४ माणसं गेली. ते मैदान इथून किती लांब आहे? तरी मला अक्कल आली नाही.

आता अडचणी. पत्र्याला दुपारी हात लाववत नाही. हॉस्पिटलच्या बिलानंतर एसी या वर्षी जमणार नाही. कूलर आणून पाहिला, खोली अजूनच चिकट झाली. चुना मारू, पांढरा रंग लावू, की वर शेडनेट बांधू?

दुसरं, त्यांना बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे. ती पाणी काढणार आणि मी तांब्या घेऊन मागे लागणार, याचा मेळ कसा घालायचा? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, काय काय विचारू?

आणि खुद्द बाबा. "पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या भर उन्हात वाहिल्यात, ऊन काय करतंय मला?" तहान लागली असं म्हणतच नाहीत. घरात कोंडून ठेवलं तर मनाने खचतील, हेही दिसतंय.

प्रतिसाद :
दादा, आमचं कळव्याला पत्र्याचंच घर आहे. चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारा. पावसात धुपेल, पण तोवरचे दिवस निघतील. पत्रा निवल्यावर, पहाटेच चढा आणि पाय नटबोल्टच्या ओळीवरच ठेवा, खाली तिथेच आधार असतो. शेडनेट पत्र्याला चिकटवू नका, मधे हातभर जागा सोडा. तरीही ११ ते ५ बाबा खालीच हवेत. ओला पंचा अंगावर आणि समोर पंखा, याने फरक पडतो.

गोळी मनाने बंद करू नका. दिवसाला किती पाणी चालेल, ओआरएसमध्ये मीठ असतं ते चालेल का, आणि उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे तिन्ही विचारा. लघवी गडद पिवळी दिसली की सावध व्हा.

आणि त्यांना मार्केट बंद करू नका. मार्केट पहाटेच जागं असतं ना? तेव्हा पाठवा.

धागाकर्ता :
ही वेळेची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. बाबांना म्हटलं, "दुपारी तिथे कोण असतं? गाड्या लागतात तेव्हा जा की." काही बोलले नाहीत. आज सकाळी सहाला स्वतःच चपला घालून निघाले, सोबत पाण्याची बाटली. साडेनऊला परत आले तेव्हा ती अर्धीच संपली होती, उरलेली माझ्यासमोर बसून प्यायले. त्यांचं अंथरूण खाली आणलंय, पोरं आजोबांजवळ झोपायला मिळणार म्हणून खूश आहेत. चुना रविवारी पहाटे मारतो. एका माळ्याला, साधारण १५० चौरस फुटांना, किती किलो लागेल?