मदत हवी आहे : ट्रिल एकटा जमतो, डावा हात आला की अडखळतो

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. पियानोवर मोझार्टचा सी मेजर सोनाटा (त्याच्या रचनांच्या यादीत के. ५४५, १७८८ चा) बसवतोय. पहिल्या भागात जी या सुरावर उतरण्याआधी ए वर जो लांब ट्रिल (शेजारचे दोन सूर भरभर आलटूनपालटून) आहे, तिथं गाडी अडते. नुसता उजवा हात असला की बरा वाजतो. डावा सुरू झाला की दोन्ही हात एकमेकांची वाट बघतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला मनगट लाकडासारखं ताठ होतं.

वाद्य ८८ पट्ट्यांचा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो. आधी बरीच वर्षं भजनात पेटी वाजवली, त्यामुळं बोटं पट्टीला चिकटून राहायची खोड आहे. पेटीवर ते खपून जातं, इथं पट्टी पुरती वर आली नाही की पुढचा सूर दबका येतो.

ट्रिल वरच्या सुरापासून, म्हणजे बी पासूनच सुरू करतो. २-३ नंबरच्या बोटांनी (तर्जनी-मधलं) लवकर दमतो. १-३ ने (अंगठा-मधलं) हात हलका फिरतो पण अंगठा ठणठण वाजतो. मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) एका ठोक्याला चार सूर धरून मिनिटाला ८० ठोक्यांपर्यंत स्वच्छ, ९२ ला घोटाळा. इथं समोर बसून हात बघणारं कुणी नाही, आणि रात्री हेडफोन लावून जेमतेम अर्धा तास मिळतो, म्हणून लांबलचक एक्सरसाइजची पुस्तकं सुचवू नका.

एवढंच सांगा: डाव्याच्या प्रत्येक सुरामागं ट्रिलचे सूर मोजून बांधायचे की फक्त सुरुवात आणि शेवट जुळवून मधलं मोकळं सोडायचं? आणि १-३ च ठेवायची तर अंगठ्याचा आवाज कमी कसा करायचा?