मदत हवी आहे: एव्हरग्लेड्सच्या कालव्यांत ऐन उन्हाळ्यात बास मासा कुठे शोधावा?

नमस्कार. दक्षिण फ्लोरिडात गळाने मासेमारी करणाऱ्या मराठी मंडळींकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे. आम्ही ब्रॉवर्ड काउंटीत राहतो. सुटीच्या दिवशी एल-६७ए कालव्यावर किंवा टामियामी ट्रेल या रस्त्याला लागून जाणाऱ्या एल-२९ कालव्यावर जातो. बोट नसल्यामुळे सगळी मासेमारी काठावरूनच चालते.

एप्रिल-मे महिन्यांत काहीच अडचण नसते. कोरड्या ऋतूच्या अखेरीस एव्हरग्लेड्सच्या, म्हणजे सॉ-ग्रास या धारदार पात्यांच्या गवताने भरलेल्या दलदलीतले पाणी आटत जाते आणि तिथले मासे खोल कालव्यांत गोळा होतात, त्यामुळे प्लास्टिकचा साधा किडा टाकला तरी लार्जमाउथ बास गळाला लागतो. मेच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की दलदल पुन्हा भरते आणि मासे कालवा सोडून तिच्यात पसरतात. आपल्याकडे मृगाच्या पावसात ओढ्यातले चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात, तसेच काहीसे हे दृश्य आहे. फक्त इथे ते खाद्याच्या आणि मोकळ्या जागेच्या शोधात जातात, अंडी घालण्यासाठी नव्हे. इथल्या बासचा विणीचा हंगाम उन्हाळ्यापूर्वीच उरकलेला असतो.

माझी अडचण त्यापुढची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते, दुपारी विजांसह पाऊस कोसळतो आणि काठावर उभे राहणे धोक्याचे होते, म्हणून सगळे जण पहाटे जाण्याचा सल्ला देतात. परंतु रात्रभर वनस्पतींचा श्वासोच्छ्वास चालू राहिल्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो, हेही तितकेच खरे आहे. मग उजाडताच गळ टाकण्यात अर्थ आहे का? काठाची नेमकी कोणती जागा निवडावी? आणि मिळालेला मासा घरी आणून खाता येईल का?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. मात्र माझ्या मते उन्हाळ्यात घड्याळापेक्षा वाहत्या पाण्याला अधिक महत्त्व द्यावे. कालव्याच्या काठाला जिथे खाच पडलेली असते आणि दलदलीतले चहाच्या रंगाचे पाणी तिथून कालव्यात उतरते, तिथे लहान मासे आणि कोळंबी प्रवाहाबरोबर आपोआप बाहेर येतात. बास त्या मुखाशी, बहुधा कमळपानांच्या कडेला, तोंड प्रवाहाकडे करून थांबलेला असतो. थोडा वेळ नुसते निरखून पाहावे: वाऱ्याशी संबंध नसताना एखादे पान हलले किंवा बारीक माशांचा थवा एकदम पाण्याबाहेर उसळला, तर जागा बरोबर आहे असे समजावे. पाणी साचलेले, काळपट आणि कुजका वास येणारे असेल, तर तिथे वेळ दवडू नये, मग पहाट असो वा संध्याकाळ.

दलदल तुडुंब असेल तर या खाचांचाही फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी पाणी सोडण्याचे दरवाजे आणि रस्त्याखालचे नळे पाहावेत. दक्षिण फ्लोरिडाची जलव्यवस्थापन संस्था पाणीपातळीची आणि दरवाजांतून सुटणाऱ्या पाण्याची आकडेवारी संकेतस्थळावर देते; ती पाहूनच घरातून निघावे. दरवाजाच्या किती जवळ उभे राहता येते, याच्या सूचना तिथल्या फलकांवर असतात.

आमिष म्हणून तोच प्लास्टिकचा किडा चालेल, पण गळाचे टोक किड्यात लपवून बांधावे, म्हणजे गवतात अडकणार नाही. ओढ घेताना घाई नको. दोर न तणावता हळूच बाजूला सरकू लागला, तर मासा लागला असे समजून झटका द्यावा. दोर वेणीचा, जाड घ्यावा, कारण लागलेला मासा तडक पानांच्या देठांत घुसतो.

भर दुपारी आणि त्यातही आकाश निरभ्र असताना वेळ असेल, तर दलदल सोडून मायामीच्या शहरी कालव्यांकडे वळावे. तिथे १९८४ मध्ये राज्याने मुद्दाम सोडलेला बटरफ्लाय पीकॉक बास आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, दिवसाउजेडी नजरेने शिकार करणारा आणि उष्णता मानवणारा मासा आहे. प्लास्टिकच्या किड्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. त्याला लहान माशासारखे दिसणारे, वेगाने ओढलेले आमिष लागते.

खाण्याबाबत मात्र स्पष्टच सांगतो: एव्हरग्लेड्सच्या या भागातला लार्जमाउथ बास खाऊ नये. हवेतून उतरलेल्या पाऱ्याचे तिथल्या गाळातले जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या बासच्या मांसात साठत जातो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या सूचना पाणीसाठ्यानुसार वेगवेगळ्या आहेत, त्या वाचाव्यात. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी त्या अधिक कडक आहेत. मासा सोडायचाच असेल तर तो पाण्याबाहेर जास्त वेळ धरू नये, कारण गरम पाण्यात दमलेला मासा लवकर सावरत नाही. काठाला वाकताना जवळपास मगरीसारखा दिसणारा अ‍ॅलिगेटर नाही ना, हे आधी पाहावे; गळाला लागून धडपडणाऱ्या माशाच्या आवाजाने तो हमखास जवळ येतो.