सूर्यात पडणारे धूमकेतू बघायला काय घेऊ? बजेट २० हजार

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, नोकरीतून रिटायर झालोय, साठी कधीच उलटली. १९६५ साली मी नऊ वर्षांचा होतो, दिवाळी संपून आठवडा झाला असेल, आबा पहाटे उसाला पाणी पाजायला निघाले तेव्हा मला उठवून बांधावर नेलं आणि आग्नेयेला बोट केलं. क्षितिजावरनं उभा केलेला खराटा असावा तसं शेंडेनक्षत्र. अजून डोळ्यापुढं आहे. नातू आठवीत आहे, त्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं की तो सूर्याला घासून आलेला धूमकेतू होता आणि असे धूमकेतू अजूनही सूर्यात पडत असतात. तर ते बघायला दुर्बीण कुठली घ्यावी? २० हजाराच्या वर जाणार नाही, घरात आधीच कुरकुर चालू आहे.

दुर्बीणवाला_भाऊ
काका सरळ ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. माझ्याकडे सहा वर्षं आहे, शनीची कडी अशी दिसतात की शेजारचे पण चपला काढून गच्चीवर येतात. पन्नासच्या वर जाईल पण आयुष्यभराची वस्तू आहे. २० हजारात येतं ते खेळणं.

रात्रपाळी
भाऊ, त्यांनी बजेट लिहिलंय की वर. १० बाय ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या काका, धूमकेतूला दुर्बिणीपेक्षा तीच बरी, शेपूट लांब असते ती एका नजरेत मावते. मी कोजागिरीला २०२४ मध्ये अ‍ॅटलास धूमकेतू तिच्यातनंच पाहिला, सूर्याजवळ जाऊन आलेला.

खगोलवेडी
@रात्रपाळी तुम्ही बघितला तो त्सुचिनशान-अ‍ॅटलास. तो सूर्यापासून चांगला पाच-सहा कोटी किलोमीटर लांबून गेला होता, म्हणून वाचला. अ‍ॅटलास हे शोधणाऱ्या दुर्बिणींच्या यंत्रणेचं नाव आहे, त्यामुळे त्या नावाचे धूमकेतू ढिगानं आहेत. काका विचारतायत त्या जातीचा होता तो दुसरा अ‍ॅटलास, सी/२०२४ एस१. २७ सप्टेंबरला सापडला, पेपरवाल्यांनी दिवाळीत दिवसा दिसेल म्हणून गाजवला आणि २८ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या वसुबारसेलाच, सूर्याशी पोचता पोचता भुगा.

रात्रपाळी
बरं, दुसरा तर दुसरा. द्विनेत्री मात्र चांगली आहे.

तर्रीवाला
धूमकेतूवर भरवसा ठेवू नका काका. २०१३ ला आयसॉनच्या वेळी "शतकातला धूमकेतू" म्हणून आमच्या ग्रुपनं डिसेंबरमधली गडावरची पहाट ठरवली, चाळीस जणांची बस, अॅडव्हान्स भरलेला. आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना विरघळला. बसवाला म्हणाला धूमकेतू माझा नव्हता, पैसे परत नाही. शेवटी गेलो, थंडीत पिठलं खाल्लं आणि आलो. पिठलं चांगलं होतं.

पेठेतला
सोलर फिल्टर घ्या आणि सूर्याकडेच लावा ना दुर्बीण. एवढं साधं आहे.

भिंगरी
नको नको नको. पहिलं म्हणजे फिल्टर लावला की सूर्याची तबकडी सोडून बाकी सगळं काळं, धूमकेतू दिसणारच नाही. दुसरं माझ्या घरात घडलेलं सांगते. स्वस्त दुर्बिणीसोबत डोळ्याच्या भिंगात पिळून बसवायची काळी काच आली होती, नवऱ्यानं ती लावून सूर्य बघायला घेतला, दोन मिनिटात काचेला टक्कन तडा. नशीब तेव्हा तो चहाचा कप घ्यायला वळला होता. फिल्टर लावायचा तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, मागे नाही. आणि सूर्याच्या आसपास धूमकेतू शोधायला उघडी दुर्बीण फिरवणं म्हणजे डोळा घालवायची खात्रीच.

खगोलवेडी
+१ भिंगरी. काका, हे धूमकेतू शास्त्रज्ञ पण दुर्बिणीला डोळा लावून बघत नाहीत. सोहो नावाचं यान आहे, २ डिसेंबर १९९५ ला सोडलेलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला. त्यावर लॅस्को म्हणून कॅमेरे आहेत. आपण उन्हात हाताचा पंजा आडवा धरून सूर्य झाकतो ना, तसं ते मधे चकती धरून सूर्य झाकतात आणि कडेचा उजेड टिपतात. सी२ जवळचं बघतो, त्याचं चित्र केशरी असतं. सी३ लांबचं, सूर्याच्या त्रिज्येच्या ३० पटीपर्यंत, ते निळं. साधारण दर १२ मिनिटांनी नवा फोटो आणि सगळे फोटो नेटवर फुकट. ५००० च्या वर धूमकेतू सापडलेत त्यात, बहुतेक तुमच्या माझ्यासारख्या हौशी लोकांनी घरी बसून शोधलेले.

दुर्बीणवाला_भाऊ
स्क्रीनवर बघायचं तर मग टीव्हीच बघा की. आकाशदर्शन ते आकाशदर्शन.

न्यूजर्सीकर
खगोलवेडी यांच्याशी सहमत. थोडी भर. काकांनी पाहिला तो इकेया-सेकी. १८ सप्टेंबर १९६५ ला जपानच्या दोन हौशी लोकांनी वेगवेगळ्या गावांतून शोधला, त्यातला इकेया पियानोच्या कारखान्यात कामाला होता आणि दुर्बीण स्वतः घासून बनवायचा. २१ ऑक्टोबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरच्या आसपास होता, भर दिवसा सूर्य आड करून लोकांनी पाहिला. १८८२ चा मोठा धूमकेतू त्याच कुळातला. हाइनरिश क्रॉइट्झनं या सगळ्यांच्या वाटा मांडून दाखवलं की हे एकाच मोठ्या धूमकेतूचे तुकडे असणार, म्हणून क्रॉइट्झ कुळ. सोहोला दिसतात त्यातले बहुसंख्य याच कुळातले, पण काही मीटर ते काही डझन मीटरचे चिल्लर तुकडे. सूर्याला टेकायच्या आधीच वाफ होऊन जातात, त्यामुळे "पडणारे" म्हणणं तसं बरोबर नाही.

पेठेतला
मग "पडणारे" नाही म्हणायचं तर काय "विरणारे" म्हणायचं का? विहिरीत पडलेला माणूस पाण्याला लागायच्या आधी पडलेला नसतो का?

न्यूजर्सीकर
तसं नाही, बहुतेकांचा रस्ता सूर्याला चाटून पलीकडे जायचा असतो, रस्त्यातच संपतात. २०११ चा लव्हजॉय १६ डिसेंबरला पृष्ठभागापासून जेमतेम १ लाख ४० हजार किलोमीटरवरून, सेकंदाला ५०० किलोमीटरहून जास्त वेगानं गेला आणि पलीकडून बाहेर आला. कोणाला वाटलं नव्हतं. पुढे काही दिवसांत त्याचं डोकं विरलं पण दक्षिण गोलार्धातल्या लोकांना शेपूट मस्त दिसली.

पेठेतला
इस्रोचं सूर्य बघणारं यान आदित्य-एल१ कोणी काढलंच नाही अजून. आपल्या पुण्याच्या आयुकानं सूट कॅमेरा बनवलाय त्याच्यावर. सोहो जुनं झालं, आता आदित्यवर बघा.

खगोलवेडी
अभिमान मलाही आहे, पण सूट सूर्याच्या तबकडीचे अतिनील फोटो काढतो. चकतीवाला कॅमेरा आहे तो व्हेल्क, बंगळूरचा, आणि तो सूर्याच्या मध्यापासून ३ त्रिज्यांपर्यंतच बघतो. चिल्लर धूमकेतू साधारण १२ त्रिज्यांच्या आसपास सगळ्यात उजळ होतात आणि पुढे मावळत जातात, त्याच्या चौकटीपर्यंत पोचतोय कोण. प्रत्येक यंत्राचं काम वेगळं.

तर्रीवाला
धाग्याचा काश्मीर होणार आता, भांडण संपायचं नाही. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कृष्णाकाठ
माहिती मोलाची आहे सगळ्यांची. नातवाच्या लॅपटॉपवर सोहोचे फोटो उघडले. ठिपकेच ठिपके आहेत की ओ! त्यातला धूमकेतू कुठला ते कसं ओळखायचं?

खगोलवेडी
एका फोटोवर कधीच ओळखू नका. सलग पाच-सहा फोटो पुढेमागे करून बघा. डावीकडून उजवीकडे सगळे मिळून सावकाश सरकतात ते तारे. एका फोटोत चमकून दुसऱ्यात गायब ते कॅमेऱ्यावर आदळलेले कण. जागचा हलत नाही तो बिघडलेला पिक्सेल. दोन्ही बाजूंना आडवी रेघ फुटलेला भगभगीत ठिपका म्हणजे ग्रह, त्याला धूमकेतू म्हणून कळवलात तर हसतील. जो ताऱ्यांच्या वाटेनं न जाता चकतीकडे नेमानं, दर फोटोला साधारण तेवढाच सरकतो तो तुमचा. क्रॉइट्झवाले कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूनं येतात ते ठरलेलं असतं, हे धूमकेतू नोंदवणाऱ्या सनग्रेझर प्रोजेक्टच्या साईटवर आकृती आहे, ती आधी बघा. तिथेच फॉर्म भरून कळवायचं.

भिंगरी
आणि सी३ मध्ये चकतीपासून कोपऱ्याकडे काळा दांडा दिसेल त्याला घाबरू नका, चकती धरणारा हात आहे तो. २००३ मध्ये सोहोचा अँटेना अडकला तेव्हापासून यान दर तीन महिन्यांनी उलटं करतात, म्हणून दांडा कधी खाली डावीकडे कधी वर उजवीकडे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं काहीतरी प्रचंड सापडलं मला. रात्री दीडला बहिणीला फोन केला होता.

रात्रपाळी
थोडक्यात काय, दुर्बीण नको, फुकटात सोहो बघा आणि पुढे कधी मोठा आला तर द्विनेत्री असू द्या. हेच मी म्हणत होतो.

दुर्बीणवाला_भाऊ
८ इंची घेतली असती तर आत्तापर्यंत शनी बघून झाला असता.

कृष्णाकाठ
अपडेट देतो, महिना झाला. आम्ही आजा-नातू रोज जेवणानंतर तासभर सोहो बघतो. पहिल्या दोन वेळा तारे निघाले. तिसऱ्या वेळी खरा निघाला, सी३ मध्ये नऊ फोटोत धरला, नातवानं इंग्रजीत फॉर्म भरला, तर आमच्या चार तास आधी कोणीतरी कळवलेलाच होता. पोरगं जेवलं नाही त्या रात्री. पण दुसऱ्या दिवशी तोच सी२ मध्ये आला, केशरी चित्रात बारीक रेघ, ती बघता बघता फिकी झाली आणि चकतीपर्यंत पोचायच्या आतच नाही. आबांना दाखवायला पाहिजे होतं.

आणि रागावू नका पण दुर्बीण घेतली. सांगलीला गेलो होतो, ७६ एमएमची, सात हजार. खोक्यावर शनीचं चित्र होतं ते नातवाला आवडलं आणि मलाही. सूर्याकडे करणार नाही, भिंगरीताईंचं वाचून त्याच्या आजीनं देवघरातली शपथ घातली आहे दोघांना.

दुर्बीणवाला_भाऊ
७६? काका त्याचा ट्रायपॉड हलतो का?

कृष्णाकाठ
हलतो. खाली उसाच्या मळीचं पोतं ठेवलंय.