व्हीआरमधील हाक ऐकू न येणाऱ्या मुलांना ती कशी कळवावी?

प्रश्न : शिक्षक, खानापूर
गोकाकच्या धबधब्याची व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून पाहायची आभासी) सफर आम्ही शाळेसाठी तयार करीत आहोत. समोर ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळताना दिसते, तेवढ्यात मागून निवेदक हाक मारतो आणि त्या दिशेला वळल्याशिवाय पुढचे दृश्य उघडत नाही. वर्गातील एका मुलाला मुळीच ऐकू येत नाही व एक मुलगी श्रवणयंत्र वापरते; दोघेही तिथेच अडकली. निवेदकाच्या पायाशी उपशीर्षके दिली, पण तीही पाठीमागेच राहिली. काय करावे?

उत्तर : प्रोग्रामर, बेळगाव
सर, निवेदकाजवळची उपशीर्षकांची पट्टी त्याच्याकडे पाहणाऱ्यालाच दिसणार. ती नजरेसोबत फिरणारी ठेवा, बोलणाऱ्याचे नाव लिहा आणि ज्या बाजूने हाक आली त्या कडेला बाण दाखवा : ‘निवेदक, मागे उजवीकडे : इकडे या.’ अक्षरांचा आकार मुलांना बदलता यावा. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या २०२१ च्या एक्सआर (व्हीआर व तत्सम तंत्रे) सुलभता टिपणातही उपशीर्षके वापरणाऱ्याच्या सोयीने बदलता यावीत, असा आग्रह आहे. त्यात मोनो आवाजाची, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज देण्याची, सोयही मागितली आहे, कारण एकाच कानाने ऐकणाऱ्याला दुसऱ्या बाजूचा आवाज हेडफोनमध्ये जवळजवळ पोहोचतच नाही.

आपण युनिटी हे व्हीआर व खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर देवनागरी आधी तपासून घ्या. त्यातल्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरे दाखवणाऱ्या साधनात माझ्या ‘किल्ल्या’ची पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि जोडाक्षरे सुटी पडली होती. शेवटी मी ओळींची चित्रे करून लावली. कन्नड पट्टीलाही हाच त्रास होतो.

उत्तर : श्रवणयंत्र वापरणारी, निपाणी
माझ्या यंत्राचा मायक्रोफोन कानामागे असतो, त्यामुळे कानावर बसणाऱ्या छोट्या हेडफोनचा आवाज त्याला नीट मिळत नाही. मोठा हेडफोन यंत्रावर दाबून बसला की शिट्टी वाजते. मुलीला हेडसेटच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू द्या. दुसरे असे की यंत्र निवेदनाबरोबर धबधब्याची गर्जनाही वाढवते, म्हणून दोन्हींचे आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आले पाहिजेत. आणि कृपा करून ‘धबधब्याचा आवाज’ ही ओळ सतत झळकवत ठेवू नका. पाणी दिसते आहेच.

हाकेपुरते हातातले कंट्रोलर दोनदा थरथरले तर चालेल. सतत थरथर हाताला नकोशी होते, शिवाय त्यातून दिशा कळत नाही.

उत्तर : विशेष शिक्षिका, चिकोडी
मुलगा खुणांच्या भाषेत वाढला आहे का, हे पाहावे. तसे असेल तर लांब वाक्य वाचेपर्यंत पुढचे येते. पट्टीशेजारी भारतीय सांकेतिक भाषेतील छोटी चित्रफीत ठेवावी. मराठी की कन्नड, हे त्यालाच निवडू द्यावे, कारण आपल्या भागात घरची आणि शाळेची लिपी एकच असेल असे नाही.

शिक्षक, खानापूर
सर्वांचे आभार. काल बाण लावून पाहिला. मुलगा दुसऱ्या हाकेला वळला. मुलीने पट्टी थोडी खाली हवी असे हाताने दाखवले, ती आज सरकवतो. चित्रफितीसाठी मात्र सांकेतिक भाषा जाणणारे कोणी शोधावे लागेल. बेळगाव परिसरात असल्यास कळवावे.