सांगलीत बसून प्राचीन ग्रीक, मेलबर्नच्या ग्रीक लोकांच्या क्लासला बसू का?

विश्रामबागची_बाई
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाच आहे, हसू नका. मी सांगलीत दहावीच्या पोरांच्या संस्कृतच्या शिकवण्या घेते. माझी आत्तेबहीण मेलबर्नला असते, तिच्या शेजारी ग्रीक कुटुंब आहे, त्यांच्या नादानं ही तिथल्या ग्रीक मंडळींच्या व्याख्यानांना जायला लागली आणि मलाही लिंक पाठवायला लागली. तिकडं संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं दुपारचे दीड नाहीतर अडीच, जेवणं उरकली की मी ऐकत बसते. इतिहास, नाटकं, नाणी, कधी कुठल्या बेटावरचं उत्खनन, लय भारी असतंय. आता त्याच लोकांचा प्राचीन ग्रीकचा ऑनलाइन क्लास सुरू होतोय, बाहेरच्यांनाही घेतात म्हणे, पण फी डॉलरमध्ये आणि क्लास मुळात त्यांच्या पोरानातवंडांसाठी. संस्कृतचा काही फायदा होईल का, का नुसते पैसे घालवायचे?

कृष्णाकाठ_कराड
फायदा होईल म्हणजे काय, अर्धं काम झालंय तुमचं! ददामि (देतो) तिकडं दिदोमि, दधामि (ठेवतो) तिकडं तिथेमि, अस्ति (आहे) तिकडं एस्ति. लङ् लकारात, म्हणजे भूतकाळात, आपण धातूच्या आधी अ लावतो ना, अभरत्, तसंच ते ए लावतात, एफेरे. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा (क्रियेचं फळ स्वतःकडं येणारा) प्रयोग आहे, विधिलिङ्सारखं ('करावं, व्हावं' अर्थाचं) रूपही आहे. विभक्त्या मात्र पाचच, त्यामुळं तृतीया नि सप्तमीची कामं चतुर्थीच्या गळ्यात आणि पंचमीची षष्ठीच्या. इंग्लिश मीडियमचं पोरगं जिथं महिनाभर रडेल तिथं तुम्ही चहा पिऊन पुढं जाल. घोळ एवढाच की त्यांच्यात नामाच्या आधी एक शब्द लागतो, पुल्लिंगी हो, स्त्रीलिंगी हे आणि नपुंसकलिंगी तो, मराठी माणसाचं डोकं पहिले आठ दिवस उलटं चालतंय.

वाईकर_सध्या_मेलबर्न
ताई, इथं तिसऱ्या पिढीची ग्रीक पोरं आहेत, बऱ्याच जणांचे आजी-आजोबा पन्नास-साठच्या दशकात बोटीनं आले. इथली सगळ्यात मोठी संस्था तर 1897 पासूनची आहे. मी एका छोट्या मंडळाच्या क्लासला गेलोय, तुमचा तोच असेल असं नाही. तिथं घरात आजची ग्रीक ऐकलेले लोक जास्त, त्यामुळं मास्तर समजवता समजवता आजच्या ग्रीकवर घसरतात आणि आपण बघत राहतो.

पण खरी गोची उच्चारांची, ते फी भरायच्या आधी विचारा. ग्रीक लोक जुना मजकूरही बहुतेक वेळा आजच्याच उच्चारात वाचतात, म्हणजे बीटा या अक्षराचा व, आणि ईटा, इओटा, उप्सिलॉन सगळ्यांचा ईच. युनिव्हर्सिटीवाले इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाच्या पद्धतीनं, त्यानं 1528 मध्ये त्यावर लिहिलं होतं, त्यात बीटा ब आणि ईटा लांब ए. दोन्हीकडं आपलंच खरं म्हणून भांडणं होतात. मला विचाराल तर आपल्या तोंडाला तिसरंच सोपं, संशोधक जो ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला अथेन्सचा उच्चार सांगतात तो, कारण त्यात थीटा म्हणजे सरळ आपला थ, फाय म्हणजे फळातला फ, खाय म्हणजे ख. गोऱ्यांना हे जमता जमत नाही. शिवाय तेव्हा स्वर चढ-उताराचा होता, वेदपठण ऐकलेल्या माणसाला उदात्त म्हणजे चढा स्वर काय ते सांगायला लागत नाही. पण क्लासमध्ये त्यांच्यासारखंच वाचा ओ, त्यांच्या घरची भाषा आहे, आपण पाहुणे.

भडंग_प्रेमी
एवढं शिकून करणार काय? त्यापेक्षा जर्मन शिका, पोरांना जॉब तरी लागतील. बाकी चालू द्या.

कृष्णाकाठ_कराड
भडंगराव, प्रत्येक गोष्टीचा जॉब होत नसतो. आणि ग्रीक लोकांनी आपल्या पोरांसाठी मास्तर ठेवायची पद्धत भारतातही होती. दिमित्रिओस गॅलानोस नावाचा अथेन्सचा माणूस 1786 ला कलकत्त्याला आला, कशासाठी, तर तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या पोरांना शिकवायला. पुढं गेला काशीला, संस्कृत शिकला आणि तिथंच राहिला, 1833 ला वारला. भगवद्गीता त्यानं ग्रीकमध्ये आणली, ती छापली गेली अथेन्सला 1848 मध्ये. तो ग्रीक शिकवता शिकवता संस्कृतकडं वळला, ताई उलट्या दिशेनं निघाल्यात, त्यात नवल काय. आणि लांब कशाला, कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जावा, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन आहे, त्यांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी. सांगलीहून तासाभराचा रस्ता, तरी अर्ध्या लोकांना पत्ता नाही.

विश्रामबागची_बाई
सगळ्यांचे आभार. उच्चाराचं आजच मेल करून विचारते. व्याख्यानं तर ऐकतेच आहे, ती फुकट आहेत. वाईकर, एक सांगा, अक्षरांवर ते तीन-चार प्रकारची स्वरचिन्हं आणि श्वासचिन्हं (शब्दाच्या सुरुवातीला ह आहे का ते दाखवणारी) असतात ती शिकायलाच लागतात का? बहीण म्हणते तिच्या शेजाऱ्यांना येत नाहीत.

वाईकर_सध्या_मेलबर्न
शेजारी तरुण असतील, ग्रीसमध्ये 1982 ला ती चिन्हं सरकारी पातळीवर काढून टाकली, आता एकच टिंब-रेघ उरलीय. प्राचीनला मात्र सगळी लागतात. मोबाईलला पॉलिटॉनिक, म्हणजे ही सगळी चिन्हं असलेला, कीबोर्ड आधीच टाकून ठेवा, आणि पर्सियस नावाची टफ्ट्स युनिव्हर्सिटीची साइट बघा, मूळ ग्रीक मजकुरातल्या शब्दावर क्लिक केलं की रूप नि अर्थ दोन्ही दाखवते, एक रुपया लागत नाही. पहिल्या महिन्याची फी वेगळी भरता येते का तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.