मुलांसाठी गाणं हलकं करायचं, की ऐकायची सोय करायची? (खान्देशातल्या मैफलींविषयी)

तापीकाठची
आमच्या तालुक्याच्या गावी या हिवाळ्यात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम झाला. वेळ सहाची. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची मनोगतं यातच पाऊण तास गेला. गायिकेने संधिप्रकाशाचा राग म्हणून पूरिया धनाश्री योजला होता, पण ती बसली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत रागाचा विस्तार, जेमतेम रंगात येत होता, तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी गेली: मुलं कंटाळली आहेत, काही हलकंफुलकं घ्या. उरलेला वेळ सिनेमातली गाणी झाली.

मला याचा राग आला आणि अजून आहे. मुलं गाण्याला कंटाळली नव्हती, भाषणांना कंटाळली होती. शिवाय पुढच्या चार रांगा निमंत्रितांच्या. मुलं पार मागे, तिथून त्यांना गायिकेचा हातही दिसत नव्हता.

माझं म्हणणं असं की रागाला हात लावू नका, भोवतालचं बदला. सत्कार नकोत. मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. दीड तासाच्या वर जाऊ नका. आणि सुरुवातीला वाद्यं जवळून दाखवा. माझ्या क्लासमध्ये मी मुलांना तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावायला देते. घोडीवर, म्हणजे तार टेकते त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा असतो. तो नखाने केसभर सरकवायचा आणि तार छेडायची. दोरा चुकीच्या जागी असला की तार ठप्प वाजते, नेमक्या जागी आला की तीच तार गुंजायला लागते आणि एका सुरात आणखी सूर ऐकू येतात. सात वर्षांच्या मुलीला हे एकदा कळलं की पुढे ती गाणाऱ्याइतकंच मागे बसलेल्या तंबोऱ्याकडे कान देते. हे शिकवायला सिनेमाचं गाणं लागत नाही.

तुमचं मत सांगा. विरोध असेल तर तोही स्पष्ट लिहा.

जुना श्रोता, जळगाव
सत्काराबद्दल पूर्ण सहमत. बाकीला विरोध.

दीड तासात काय होणार? विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण-पाऊण मिनिटाचं असतं. बारा मात्रांचा तो प्रवास करून गायक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो, आणि ती वाट पाहणं हाच ऐकणाऱ्याचा अभ्यास आहे. घड्याळ लावलंत की गायक संथ आलाप आवरता घेतो आणि जलद तानांवर येतो, कारण टाळ्या तानांना पडतात. म्हणजे रागाला हात लावला नाही म्हणता म्हणता लागलाच.

आधीच दहानंतर लाऊडस्पीकर बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग त्यांच्या वेळेला मोकळेपणी ऐकायला मिळणं दुर्मीळ झालं. त्यात आणखी कात्री नको.

मुलांचं म्हणाल तर आम्ही आईच्या मांडीवर झोपून गाणी ऐकली. कोणी काही समजावलं नाही. झोपेतही कानात सूर पडत होता.

ठेका, धुळे
काका, तुमच्या घरी गाणं होतं म्हणून तुम्हाला मांडी मिळाली. माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी कोणी मैफल ऐकलेलीच नाही. त्यांना कोणी तरी सांगावंच लागणार.

मी साथीला जातो तिथे पाच मिनिटं मागून घेतो. तीनताल, सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात बाजूला, ती खाली. सगळ्या सभागृहाकडून करून घेतो, आजोबांपासून नातवापर्यंत. मग द्रुत बंदिश, म्हणजे जलद लयीतली रचना, सुरू झाली की लोक आपोआप मांडीवर मोजतात आणि सम आली की माना हलतात. त्या पाच मिनिटांनी रागाचं काही बिघडत नाही.

मला वेगळंच दुःख आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा मुलं देतात, तबल्याचे कायदे-रेले पाठ असतात, राग ज्यांत विभागतात त्या दहा थाटांची नावं धडाधड सांगतात. पण यातल्या कित्येकांनी एक अख्खा ख्याल समोर बसून ऐकलेला नसतो. पालक परीक्षेची फी भरतात, मैफलीला आणत नाहीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, दरबारातलं गाणं लोकांपुढे आणलं, ते प्रमाणपत्रांसाठी नव्हतं.

पडद्यामागे
मी आयोजक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचं मानधन, येण्या-जाण्याचा खर्च. प्रायोजकाला मंचावर बोलावलं नाही तर पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. सत्कार बंद करा म्हणणं सोपं आहे.

आणि लोकांना आवडेल ते थोडं दिलं तर बिघडलं कुठे? आपल्या जळगावचंच उदाहरण घ्या. बालगंधर्व लहानपणी इथे होते, मेहबूबखाँ यांच्याकडे शिकले. पुढे त्यांच्या नाट्यपदांनी ख्याल न ऐकलेल्या माणसांच्या ओठी राग बसवले. पाच-सात मिनिटांचं पद ऐकून लोक ख्यालाकडे वळले. आज सिनेमाचं गाणं तेच काम करेल.

तापीकाठची
नाट्यपदाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने त्या चाली बांधल्या, बंदिशींवरून बांधल्या. गाणारा तालमीत तयार झालेला. पद लहान होतं, पण आत राग पूर्ण होता. त्या दिवशी आमच्याकडे झालं ते तसं नव्हतं. ज्या गायिकेला पूरिया धनाश्रीसाठी बोलावलं, तिलाच तयारी नसलेली गाणी गायला लावली. मुलांनी ऐकलं काय, तर एका मोठ्या कलावतीचं अवघडलेपण.

लांबीबद्दल काकांना सांगते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या साडेतीन मिनिटांच्या आत संपतात. तेवढ्यात राग समोर उभा राहतो. आजही मी मुलांना आधी त्याच ऐकवते.

जुना श्रोता, जळगाव
ती यंत्राची मर्यादा होती, ताई. तबकडीवर तेवढंच मावायचं. खाँसाहेब मैफलीत तीन मिनिटं गात नव्हते. नमुना म्हणून ऐकवा, जरूर ऐकवा, पण नमुन्यालाच जेवण म्हणू नका.

धडगाववाला
नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात शिक्षक आहे. इथली चर्चा वाचून एक प्रश्न पडतो. शास्त्रीय संगीत सगळ्यांपर्यंत "पोहोचवायचं" म्हणजे आमच्या मुलांकडे संगीत नाही असं धरूनच चाललोय का आपण? माझ्या वर्गातली मुलं होळीच्या रात्री ढोलाच्या ठेक्यावर पहाटेपर्यंत नाचतात. काहींच्या घरी पावरी आहे. दुधीभोपळा आणि बांबूची ती पावरी वाजवताना म्हातारा माणूस श्वास न तोडता वाजवत राहतो. दोन तास बसण्याचा धीर या मुलांना कोणी शिकवायची गरज नाही.

स्पिक मॅके ही संस्था 1977 पासून शाळा-कॉलेजांत मोठे कलाकार नेते आहे, ते चांगलंच आहे. पण आमच्याकडे कलाकार येईल तेव्हा त्याने आधी पावरी ऐकावी असं मला वाटतं. कुमार गंधर्व देवासला आजारपणात अंथरुणावर होते तेव्हा माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर घेत राहिले, आणि पुढे त्या धुनांमधून त्यांनी राग उभे केले. माळवा इथून लांब नाही. कानबाईची गाणी, वहीगायन, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची गाणी, या आपल्या लोकगाण्यांतल्या सुरांकडे आपल्या किती गवयांनी असा कान दिला?

जुना श्रोता, जळगाव
सर, हे मला मनापासून पटलं. एक जोडतो. कुमारजींच्या मागे प्रा. बी. आर. देवधरांकडची वर्षानुवर्षांची तालीम होती. तेवढी तयारी होती म्हणून धून ऐकल्यावर तिच्यात राग दिसला. ती तयारी सोडून नुसतं लोकगीत आणि ख्याल एका मंचावर मांडला तर त्याला जुगलबंदीचं नाव देऊन लोक मोकळे होतील. दोन्हीकडचं नुकसान.

ठेका, धुळे
आणि आवाजाचं कोणी बोलत नाही! सगळ्या वयांचे लोक म्हणता ना, मग वयस्कांचा विचार करा. स्पीकर एवढा चढवतात की बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमार भिंतीवर आदळतो, तंबोरा गायब होतो आणि श्रवणयंत्र लावलेले आजोबा यंत्र काढून ठेवतात. शंभर माणसांच्या बैठकीला एक माईक मंद ठेवला तरी पुरतो.

बोरी नदीवाला
पारोळ्याकडचा आहे. आमचं भजनी मंडळ आहे, पंधरा-वीस माणसं. आम्हाला रागांची नावं येत नाहीत, पण काकड्याला पहाटेच्या चाली, रात्रीच्या भजनाला वेगळ्या, हे आम्ही पाळतो. पखवाजवाल्याचा हात सैल पडला तर टाळकरी वळून पाहतात. असे श्रोते गावोगाव बसलेत आणि तुम्ही तिकीट लावून नाट्यगृहात वाट पाहता. आमची माणसं येणार कशी? कार्यक्रम संपतो नऊ-दहाला, शेवटची एसटी त्याआधीच गेलेली असते. सत्तरीच्या माणसाने जायचं कुठे?

आमना गावमा या. मंदिरना वट्टा शे, लाईट शे, सतरंज्या आम्ही टाकसूत. दोन तास गा नाहीतर चार तास गा, कोणी उठणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या मांडू.

पडद्यामागे
भाऊ, वट्ट्यावर कार्यक्रम केला तर भाड्याचा खर्च वाचेल हे खरं. पण कलाकाराचं मानधन कोण देणार? गाव वर्गणी काढेल का? भंडाऱ्याला काढतात तशी? हे आधी ठरू द्या, मग मी कलाकाराशी बोलतो. आणि मला अजूनही वाटतं की शेवटी दोन ओळखीची गाणी असावीत.

तापीकाठची
शेवटी भैरवी असावी, तीच सगळ्यांच्या ओळखीची होईल. मानधनासाठी आमचे पालक थोडे पैसे घालतील, मी विचारते. मुलांना गाडी करून आणते. मला सकाळची वेळ हवी आहे. तोडी, भैरव हे सकाळचे राग या मुलांनी कधी समोर बसून ऐकलेच नाहीत. माघात एखाद्या रविवारी जमेल का?

बोरी नदीवाला
ताई, माघात कोणाकडे वेचणीचा शेवटचा कापूस असतो, कोणाचा हरभरा काढायला येतो. बायामाणसं सकाळीच शेतात जातात, आणि त्या नसतील तर निम्मे श्रोते गेले. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा. आखाजीला ठेवा. लेकी माहेरी आलेल्या असतात, शाळा बंद, शेत मोकळं. ऊन तापायच्या आत, पहाटे साडेपाचला सुरू करू. वर्गणीचं मी मंडळात काढतो, पण सिनेमाची गाणी असतील तर मंडळ देणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

जुना श्रोता, जळगाव
साडेपाचला सुरू करणार असाल तर दीड तासाची अट काढा. ऊन आठ-साडेआठला चढेल, तोवर गाऊ द्या. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो.