बॉक्स हिलवर दिसलेला हा मऊ भुंगेरा कोणता?

सरेकर_मावशी: रविवारी इथे इंग्लंडमध्ये बॉक्स हिल टेकडीवर गेलो होतो, फोटो जोडलाय. चुनखडीच्या उतारावर पिरॅमिड ऑर्किडं नुकती फुलायला लागलीत. तिथे शेपूसारख्या पांढऱ्या फुलोऱ्यावर सेंटिमीटरभर लांबीचा, फिकट तपकिरी भुंगेरा बसला होता. अंगावर बारीक लव. बोट लावलं तर पाठ चक्क मऊ! लेकाला वाटलं क्लिक बीटल, म्हणजे उताणा पडला की टक्कन उसळून सुलटा होणारा भुंगेरा, म्हणून त्याने उताणा केला. कसलं काय, बिचारा पाय झाडत पडला, शेवटी आम्हीच सुलटा केला. शेजारी अगदी तशाच घडणीचा, पण काळपट-राखाडी होता. या दोन जाती का? आमचे हे म्हणतात, झुरळ आहे, सोड.

पिंपळपान: काकांना नमस्कार सांगा, झुरळ नाही. सोल्जर बीटल असेल, तोही मऊ पाठीचा भुंगेरा.

भुंगेरेवाला: सोल्जर बीटल नाही. तो सडपातळ, हा जरा अंडाकृती. फोटो मोठा करून पाहा, जबडे पुढे आलेले दिसतात. मावशी, हा डॅसिलस सर्विनस, कूळ डॅसिलिडी. जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये नाव दिलं, सर्विनस म्हणजे हरणासारखा. रंग बघता पटतं. आणि दोन जाती नाहीत, जोडपं आहे: पिवळट-तपकिरी ती मादी, काळपट तो नर.

इंग्रज याला ऑर्किड बीटल म्हणतात.

सरेकर_मावशी: अगंबाई! म्हणजे हा ऑर्किडं खातो?

भुंगेरेवाला: फुलांवर बसतो म्हणून लगेच चोर ठरवू नका. अळी जमिनीत राहून मुळं कुरतडते. दिसायला आपल्या उसातल्या हुमणीची आठवण यावी अशी, त्यामुळे या कुळाचं हुमणीच्या कुळाशी नातं आहे का, यावर कीटकशास्त्रज्ञांनी बराच खल केला. सध्या याचं जवळचं कूळ म्हणजे रिपिसेरिडी. त्यांच्यातल्या काहींच्या अळ्या सिकाडाच्या, म्हणजे झाडावर किर्र आवाज करणाऱ्या किड्याच्या, पिल्लांवर जगतात. एक मुळं खातो, भाऊबंद किडे खातात! अळी मातीत आणि भुंगेरा उन्हाळ्यातले थोडेच आठवडे वर, मग अभ्यास करायचा कधी?

पिंपळपान: सोल्जर मागे घेतो.

सरेकर_मावशी: यांना दाखवलं. म्हणतात, "हरणासारखं झुरळ."